मोहबारीचं त्रेचाळिसावं पान

१

"वाच गं बाय," असं म्हणून भागुबाईनं डोळे मिटले आणि पदराच्या टोकात बोटं गुंतवून ती ऐकायला बसली.

छायाताईंनी त्रेचाळिसावं पान उघडलं, चार ओळी वाचल्या आणि त्यांची जीभ अडखळली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळी तशाच.

"काय झालं?" भागुबाईनं एक डोळा उघडला.

काय सांगणार, कपाळ! पुस्तक तेच, बाजार तोच, फौजदारसुद्धा तोच. त्या पानावर नव्हती ती फक्त भागुबाईची आई.

आता ही भागुबाई कोण आणि ही छायाताई कोण, ते आधी सांगून टाकतो. छाया गायधनी यांनी तीस वर्षं खिळ्यांच्या छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखाना बंद पडला तेव्हा पंचवटीतल्या एका छोट्या वाचनालयानं त्यांना बोलावलं आणि एक कपाट त्यांच्या ताब्यात दिलं. कपाटावर पाटी होती, 'जिल्ह्यातील लेखक'. कुणी निवृत्त तलाठी, कुणी कंपाउंडर, कुणी शाळामास्तर. प्रत्येकानं आपापल्या गावाबद्दल लिहिलेलं, पदरमोड करून छापलेलं. शहाणीसुरती माणसं त्या कपाटाला अडगळ म्हणत. छायाताईंसमोर मात्र कुणी म्हणत नसे, कारण बाई एकदा सुरू झाल्या की समोरच्याला पळता भुई थोडी होई.

त्याच कपाटात होतं 'मोहबारीचा बाजार'. पेठकडच्या डोंगरातल्या मोहबारी गावाबद्दल गोरक्ष महाले गुरुजींनी १९५६ साली लिहिलेलं. तीनशे प्रती निघाल्या, उरली ही एक. आणि भागुबाई होती त्याच गावची, सत्तरी ओलांडलेली. तिला अक्षरओळख नव्हती. महिन्यातून एकदा ती एस.टी.नं नाशकात यायची, मार्केटात भाजी टाकायची आणि वाचनालयात येऊन ते एक पान ऐकून जायची. त्या पानावर तिची आई होती. साऱ्या जगात ठमाबाईचं नाव छापलेलं असं ते एकच ठिकाण होतं.

छायाताईंना ते पान तोंडपाठ होतं:

*फौजदारानें बाजार उठवा म्हणून हुकूम केला, तेव्हां सर्व लोक गांठोडीं बांधूं लागले. ठमाबाई मात्र उठली नाहीं. तिनें घोंगडी पुन्हां पसरली, नागलीची पाटी पुढें ओढली व म्हणाली, बाजार बुधवारचा, आज बुधवार आहे, मी उठणार नाहीं.*

आणि आज, १९९९ सालच्या डिसेंबरातल्या त्या गुरुवारी, पानावर होतं हे:

*फौजदारानें बाजार उठवा म्हणून हुकूम केला, तेव्हां सर्व लोक गांठोडीं बांधूं लागले. तेंव्हा बापूराव पुढें आले. फौजदार जेंव्हा त्यांच्यावर धांवून आला तेंव्हा ते म्हणाले, बाजार बुधवारचा, आज बुधवार आहे, मी उठणार नाहीं.*

छायाताईंनी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. खोटं वाचायची त्यांना सवयच नव्हती.

भागुबाई उठून उभी राहिली. "ह्यो कोन बापूराव? माझी आई कुठं गेली?"

२

बापूराव कोण, हे छायाताईंना चांगलं ठाऊक होतं. वाचनालयाचे अध्यक्ष खंडेराव यांचे ते आजोबा. खंडेराव निफाडचे, द्राक्षबागावाले. आजोबांनी एके काळी मोहबारीच्या जंगलाचा ठेका घेतला होता, तेवढाच गावाशी संबंध. आता येत्या रविवारी खंडेराव त्या बाजारतळावर आजोबांच्या नावानं दगडी कमान उभी करत होते आणि त्याच मांडवात 'मोहबारीचा बाजार'ची नवी आवृत्ती वाटणार होते.

छायाताईंनी फोन लावला. खंडेराव शांतपणे म्हणाले, "बाई, पुस्तकात आहे तेच खरं. तुमचं वय झालं, कुठलं तरी दुसरं पुस्तक आठवत असेल."

"माझं वय झालं असेल, माझी नजर गेलेली नाही. पान बदललंय."

"मग त्या बाइंडरला धरा. हबीबकडे आठ दिवस पुस्तक होतं ना? शनिवारी समितीसमोर काय ते बोला. पुरावा नसेल तर त्या कपाटाचाही विचार करावा लागेल. उगाच नस्ती भानगड."

छायाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "विचार करा ना," त्या म्हणाल्या, "पण आधी मी करते," आणि फोन आपटला.

भागुबाई दारातच उभी होती. "म्या गावी जानार नाय," ती म्हणाली. "आई घावल्याबिगर नाय जानार. रविवारी त्यो दगुड लागला का संपलं. मंग मी मेल्यावर कोन सांगंल, का हितं ठमा बसली व्हती?"

हबीबचाचांचं दुकान जुन्या नाशकात, एका बोळात. पुस्तक हातात घेताच त्यांनी ते डोळ्यांनी नाही, बोटांनी पाहायला सुरुवात केली. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं. उर्दू येत होतं, आणि पुस्तकाची पाठ त्याहून चांगली वाचता येत होती.

"ताई, ये मेरा काम नाही," ते म्हणाले. "बघा. आठ पानांचा एक जुज असतो, कागद मधोमध दुमडून शिवलेला. म्हणजे हर पानाला एक जोडीदार. हे पान कुणी ब्लेडनं कापलं, आतमध्ये एवढीशी पट्टी सोडली आणि त्या पट्टीवर दुसरं पान चिकटवलं. आता याचा जोडीदार पाहा, सदतीसवालं. हलतंय का नाही?"

सदतिसावं पान खरंच सैल होऊन हलत होतं.

"मी शिवलं तेव्हा जुज पूर्ण होता. आणि चिकटवलंय कशानं? बाटलीतल्या पांढऱ्या गोंदानं. मी आयुष्यात मैद्याची खळ सोडून काही वापरलं नाही, तीही कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून. बाइंडरनं करायचं असतं तर पूर्ण कागद बदलून शिवला असता. तुम्हाला कळलंही नसतं, अल्लालाच कळलं असतं फक्त."

म्हणजे पान बांधणी झाल्यावर बदललं होतं. छायाताई तडक वाचनालयात आल्या आणि नोंदवही उघडली. बांधणीनंतर पुस्तक तिघांच्याच घरी गेलं होतं, आणि त्यांतले खंडेराव सोडले तर बाकीच्या दोघांवर छायाताईंचा आजवर कधी संशय गेला नव्हता.

३

पहिले प्राध्यापक निवृत्ती वाघचौरे. मराठीचे निवृत्त प्राध्यापक, तालुक्याच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ लिहीत होते. ग्रंथ अर्पण केला होता खंडेरावांना.

"गोरक्ष गुरुजी?" सर हसले. "भला माणूस. पण छायाबाई, नागली विकणाऱ्या बायकांवर इतिहास उभा राहत नसतो. त्याला कागद लागतात."

"कागद होता, सर. तोच कुणीतरी कापला."

"आणि जुन्या खिळ्यांत नवं पान छापलं? वा! लग्नपत्रिका छापणारे अजून आहेत म्हणा तसे गावात. पण जुनं शुद्धलेखन येणारा माणूस हवा. ते या नाशकात मला येतं आणि तुम्हाला." बोलून गेल्यावर सरांच्या लक्षात आलं की आपण आपल्याच गळ्यात घंटा बांधली. मग ते जरा घुश्श्यात म्हणाले, "माझ्यावर संशय आहे की काय?"

"आहे," छायाताई म्हणाल्या. "म्हणून लेखी द्या. समितीचा नमुना आहे, मी सांगते तसं लिहा. 'पुस्तक जेव्हा माझ्याकडे होते, तेव्हा मी त्याचे कोणतेही पान फाडले नाही. परत केले तेव्हा ते सुस्थितीत होते.' खाली सही."

सरांनी धुसफुसत लिहून दिलं.

दुसरे खंडेराव. त्यांनी तोच मजकूर हसत हसत लिहिला. "घ्या. अजून काही? बाई, मी आजोबांची कमान बांधतोय, चोऱ्या करत नाही. पुस्तकात त्यांचं नाव निघालं याचा मला आनंदच आहे, पण ते मी घातलेलं नाही."

गंमत अशी की छायाताईंना ते खरं वाटलं. याचाच त्यांना जास्त राग आला.

तिसरा भारत महाले. गोरक्ष गुरुजींचा नातू, वय तेहतीस, नाशिकरोडला दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आजोबांचं पुस्तक पुन्हा यावं म्हणून हा पोरगा आठ वर्षं दारोदार फिरला होता. प्रकाशकांनी हात झटकले, पतपेढ्यांनी हात झटकले. शेवटी खंडेरावांनी होकार दिला. नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेसाठी दोन दिवस पुस्तक त्यानं घरी नेलं होतं.

पान पाहून त्यानं डोक्याला हात लावला. "ताई, असं कोण करेल हो? माझ्या आजोबांचं पुस्तक!" डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "पण आता रविवार तोंडावर आलाय. हजार प्रती छापून तयार आहेत. हे प्रकरण वाढलं तर सगळंच बुडेल. तुम्हीच सांगा."

"आधी लिहून दे," छायाताई म्हणाल्या आणि मजकूर सांगितला. त्यानं सुरेख, वळणदार अक्षरात लिहिला.

संध्याकाळी छायाताईंनी तिन्ही कागद टेबलावर मांडले, शेजारी पुस्तक ठेवलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच गोष्ट शोधत गेल्या. भागुबाई समोर बसून शेंगा सोलत होती.

"घावलं?" तिनं विचारलं.

छायाताईंनी होय म्हणून मान हलवली, पण त्यांचा चेहरा पाहून भागुबाई पुन्हा शेंगा सोलू लागली. ज्याचं नाव निघालं, ते त्यांना नको होतं.

४

शनिवारी सकाळी समिती बसली. खंडेराव मधोमध, बाजूला वाघचौरे सर, कोपऱ्यात भारत. हबीबचाचांना छायाताईंनी मुद्दाम खुर्ची देऊन बसवलं होतं. भागुबाई जमिनीवर बसायला लागली, तशी तिलाही उठवून खुर्चीवर बसवली.

"बाई, आटपा," खंडेराव म्हणाले.

"आटपते. पान कापलेलं आहे, हे चाचांनी दाखवलं. सदतिसावं पान ज्याला हलवून बघायचंय त्यानं बघा. आता कुणी कापलं, ते पानच सांगतंय." छायाताई उभ्या राहिल्या. "सर, तुम्ही मला सांगा. १९५६ साली 'तेव्हा' कसं लिहीत?"

"अनुस्वार देऊन. शासनाचे नवे नियम बासष्टचे."

"कुठल्या अक्षरावर?"

"अर्थात 'व्हा'वर. तेव्हां, जेव्हां, केव्हां." सर एकदम थांबले. त्यांनी हात पुढं केला. "बघू ते पान."

"बघा. हे पान सोडून बाकीच्या पुस्तकात मी काल मोजलं. एकूण एकेचाळीस वेळा तेव्हां, जेव्हां, केव्हां आलंय आणि प्रत्येक वेळी टिंब शेवटच्या अक्षरावर. या पानाच्या पहिल्या ओळीतसुद्धा बरोबर आहे, कारण ती ओळ जुन्या पानावरून उतरवली. पण पुढच्या दोन ओळींत बघा. 'तेंव्हा बापूराव पुढें आले.' 'फौजदार जेंव्हा त्यांच्यावर धांवून आला.' 'तेंव्हा ते म्हणाले.' तीनदा टिंब पहिल्या अक्षरावर! बरोबर त्याच ओळींत, जिथं ठमाबाई गेली आणि बापूराव आले. या ओळी गोरक्ष गुरुजींच्या नाहीत. ज्याला जुन्या पुस्तकात टिंबं असतात एवढं ठाऊक होतं, पण ती आपल्या तोंडच्या सवयीनं ज्यानं टाकली, त्याच्या आहेत."

"अहो, पण अशी चूक अर्धा महाराष्ट्र करतो," खंडेराव म्हणाले.

"करतो. पण पुस्तक अर्ध्या महाराष्ट्राकडे गेलं नव्हतं, तिघांकडं गेलं होतं." छायाताईंनी तीन कागद एकेक करून टेबलावर ठेवले. "हा सरांचा. 'जेव्हा', 'तेव्हा'. नव्या नियमानं, चोख. सरांनी जुनं पान बनवलं असतं तर तेही चोख बनवलं असतं, मला सापडलंच नसतं. हा खंडेरावांचा. तुम्ही शाळेत बासष्टच्या आधी शिकलात, साहेब. तुमचा हात अजून 'तेव्हां' लिहितो, टिंब शेवटी. आणि हा तिसरा."

तिसरा कागद त्यांनी वाचला नाही, फक्त ठेवला. सगळ्यांना दिसत होतं. 'जेंव्हा'. 'तेंव्हा'. पुन्हा 'तेंव्हा'. सुरेख, वळणदार अक्षरात.

भारत कोपऱ्यातून उठून टेबलापाशी आला. तो कागद त्यानं उलटा करून ठेवला.

५

"मला कुणी कर म्हटलं नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "साहेब एवढंच म्हणाले होते, पुस्तकात आमच्या आजोबांचा उल्लेख असता तर नव्या आवृत्तीचं बघितलं असतं. आठ वर्षं, ताई! आठ वर्षं मी त्या पुस्तकासाठी फिरलो. म्हटलं, दीडशे पानं आहेत. एक पान गेलं तर गेलं, बाकीची जगतील. आणि जुनी प्रत ही एकच. तिच्यात आणि नव्या आवृत्तीत फरक दिसायला नको, म्हणून एका लग्नपत्रिकावाल्याकडून जुन्या खिळ्यांत पान छापून घेतलं आणि..."

"खरं पान कुठंय?" छायाताईंनी विचारलं.

"शेगडीत घातलं."

छायाताई खाली बसल्या. इतका वेळ त्यांना मनातून वाटत होतं की पान कुठंतरी असेल, गादीखाली, पेटीत. नव्हतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या बाईंनी, आणि ही चूक दुरुस्त होण्यासारखी राहिली नव्हती. त्या सगळ्यांसमोर रडल्या. त्यांना त्याची लाजही वाटली नाही.

खंडेरावांनी खाकरून घसा साफ केला. "झालं ते वाईट झालं. पण आता खरं पानच नाही म्हटल्यावर त्यावर काय होतं, कुणी बघितलंय? या आजीला वाचता येत नाही. मधला मार्ग काढू. नव्या आवृत्तीत दोन्ही नावं टाकू. कमानीवरही एका कोपऱ्यात आजीच्या आईचं घालू. काय आजी? कोण देतं एवढं?"

सगळे भागुबाईकडं बघायला लागले.

"नाय," भागुबाई म्हणाली.

"अहो, विचार तर करा."

"केला. नाय." ती खुर्चीतून पुढं सरकली. "त्या दिवशी समदा बाजार उठला व्हता. तुझा आजा तर व्हताच कुठं? त्याच्या गाड्या भरून आदल्या दिशीच गेल्या व्हत्या. एकटी बसली व्हती ती. एकटीच लिवायची. शेजारी कोन नगं."

छायाताईंनी डोळे पुसले. "खंडेराव, पान बघितलं नाही कुणी असं कसं? मी बघितलंय, पंचवीस वेळा वाचलंय. भारतनं ते समोर ठेवून उतरवलंय. आणि मावशीनं जन्मभर ऐकलंय. तिघं मिळून आम्ही ते पुन्हा उभं करतो, आत्ता, इथं. हातानं लिहून. खोटं पान उपटून टाकू आणि हे लावू, आणि खाली लिहू की मूळ पान कापलं गेलं, हे आम्ही आठवून लिहिलं. साक्षीला सगळ्यांच्या सह्या. अध्यक्षांचीही."

"मी? मी कशाला सही करू?"

"तुम्ही काही केलेलं नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय. मग खरं ते खरं म्हणायला हरकत काय? हरकत असेल तर तशी सांगा. सार्वजनिक वाचनालयाचं पुस्तक कापलंय. पोलीस चौकी कोपऱ्यावर आहे. त्यांना पहिला प्रश्न पडेल तो हाच, की या ओळींचा फायदा कुणाचा होता."

खंडेरावांनी सरांकडं पाहिलं. वाघचौरे सर आपल्या नखांकडं बघत म्हणाले, "बाईंचं म्हणणं बिनतोड आहे. आणि माझ्या ग्रंथात मला हे प्रकरण आता लिहावंच लागेल. कसं लिहायचं, ते तुमच्या सहीवर आहे." नागलीवाल्या बायकांचा इतिहास नसतो म्हणणारे हेच ते सर, पण जुन्या कागदाशी केलेला खोटेपणा त्यांना सोसला नव्हता.

हबीबचाचांनी पिशवीतून जुना, जाड, कोरा कागद काढला. जुन्या पुस्तकांची उरलेली पानं ते टाकून देत नसत.

भारत लिहायला बसला. अक्षर तसंच नेटकं येत होतं. छायाताई एक वाक्य सांगत, भागुबाई मान डोलावून पुढचं सांगे. 'हुकूम केला' इथपर्यंत येऊन तो थांबला आणि वर न बघता म्हणाला, "ताई, टिंब?"

"'व्हा'वर," छायाताई म्हणाल्या. त्याचा राग अजून गेला नव्हता, जाणारही नव्हता लवकर, पण त्यांनी त्याच्या हाताखालचा कागद सरळ करून दिला.

"आणि त्या हजार प्रती?" त्यानं विचारलं.

"त्यांतलं ते पान तूच कापायचं. हजारही. आणि नवं छापून लावायचं. चाचा शिकवतील, नीट कसं लावायचं ते."

"शिकवतो ना," हबीबचाचा म्हणाले. "मैद्याची खळ पण शिकवतो."

पान लिहून झालं. ठमाबाई उठली नाहीं. मी उठणार नाहीं. छायाताईंनी पूर्ण मजकूर एकदा वाचून दाखवला, चूक नव्हती. त्यांनी सही केली. सरांनी केली. चाचांनी उर्दूत केली. भारतनं केली. मग कुणीतरी शाईचं पॅड भागुबाईपुढं सरकवलं.

भागुबाईनं पॅड परत ढकललं.

"अंगठा नाय देनार," ती म्हणाली. "बाय, मला आईचं नाव काढून दाव. निस्तं आईचं. मी बघून काढते."

छायाताईंनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, ठमा. भागुबाईनं सह्यांचं पान पुढं ओढलं आणि पेन मुठीत धरलं, खुरपं धरावं तसं. ठ काढायला तिला फार वेळ लागला. गोल जुळेना, एकदा शाई भसकन पसरली. रस्त्यावरून घोषणा देत एक रिक्षा गेली, खंडेरावांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. मा काढताना काना इतका लांब खाली आला की बाकीच्यांच्या सह्यांच्या पार पुढं गेला. भागुबाईनं पेन ठेवलं, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि हसली.

मग तिनं तो कागद टेबलावरून खंडेरावांच्या पुढं सरकवला. खंडेरावांनी पेन उचललं आणि वरच्या कोपऱ्यातली मोकळी जागा शोधली.

भागुबाईनं त्या जागेवर हात ठेवला.

"तिथं नाय," ती म्हणाली. "आईच्या खाली."